आवडलेलं पुन्हा पाहताना, पुन्हा ऐकताना

दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी एक लेखमाला लिहिली. तोवर त्यांचे चित्रपट गाजले होते. भांडवल, यंत्रसामग्री, नटमंडळी यांविषयी सांगण्यासारखं त्यांच्यापाशी पुष्कळ होतं आणि ते त्यांनी सांगितलंही. पण त्या लेखमालेतला जो भाग आजही वाचकाला धरून ठेवतो, तो एका प्रेक्षकाचा आहे. मुंबईतल्या थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघताना आपल्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या कशी उभी राहत गेली, हे फाळके तिथे सांगतात. खेळ संपल्यावर त्यांनी दुसरं तिकीट काढलं आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याची मुळं या दुसऱ्या तिकिटात आहेत.

आवडलेल्या चित्रपटावर मराठीत लिहिण्याची परंपरा शोधायला निघालं, की फाळक्यांच्या या पानांपर्यंत यावं लागतं. त्यांनी चित्रपटाची गोष्ट सांगितली नाही, त्याला गुणही दिले नाहीत. पडद्यावर काय चाललं होतं आणि त्याच वेळी आपल्या आत काय चाललं होतं, या दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. हातातल्या संग्रहातले सगळे लेख याच जातीचे आहेत. प्रत्येकात एक माणूस आहे आणि त्याला आयुष्यभर पुरलेला एक चित्रपट किंवा गाण्याची एक ध्वनिमुद्रिका आहे.

या प्रकारच्या लेखनाला मराठीत अजून स्वतःचं घर मिळालेलं नाही. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचं रविवारी येणारं परीक्षण वेगळं. त्याला तिकीट काढायचं की नाही एवढं सांगायचं असतं. कलावंताचं चरित्र वेगळं आणि संगीतशास्त्राचा ग्रंथही वेगळा. व्यक्तिगत रसास्वाद या तिघांच्या मधल्या जागेत राहतो. त्याला परीक्षणाची नजर लागते, चरित्राची माहिती लागते, शास्त्राची शिस्त लागते आणि एवढं असूनही लिहिणाऱ्याला स्वतःला लपवता येत नाही. म्हणून हे लेखन सोपं वाटतं आणि चांगलं फार थोड्यांना साधतं. ‘मला आवडलं’ या दोन शब्दांवर ते थांबलं, तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. आवड जेव्हा कलाकृतीतल्या नेमक्या जागेपर्यंत, एखाद्या दृश्यापर्यंत, एखाद्या स्वरापर्यंत परत जाते, तेव्हाच ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

परत जाता येणं ही तशी नवीच सोय आहे. गाण्याच्या बाबतीत तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती आपल्याकडे जवळजवळ कोणालाच नव्हती. मैफल संपली की गाणं संपलं; उरायची ती आठवण आणि गुरुमुखातून आलेली बंदिश. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आले, गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला आणि भारतात ऐकण्याची रीतच बदलायला लागली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला एवढ्यात काय सांगता येणार, असा प्रश्न त्या काळच्या कित्येक बुजुर्गांना पडला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याला उत्तर दिलं. मिरजेला स्थायिक झालेल्या या गायकाच्या तबकड्या दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात घरोघरी, दुकानांतून, हॉटेलांतून वाजत राहिल्या. त्यांतलीच एक ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, ही गोष्ट पुढे भीमसेनांच्या प्रत्येक चरित्रात आली. आवडत्या रेकॉर्डनं आयुष्याला दिशा दिल्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर तबकडीच्या बाबतीत फार काटेकोर होत्या. त्यांनी मुद्रणं मोजकीच दिली. त्यांतलं भैरवीतलं साडेतीन मिनिटांचं एक गाणं १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीवर गेलं. जगभरच्या संगीतातून निवडलेल्या त्या थोड्या तुकड्यांत बाख आणि बीथोव्हेन यांच्या पंगतीला केसरबाई आहेत. ही निवडसुद्धा अखेर कोणा जाणकारांच्या आवडीतूनच झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

संगीतावर मराठीत लिहिणारी पहिली ठळक पिढी स्वतः गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची होती. गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे बादशहा, नाटकांचे संगीतकार, आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करणारे नट. त्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकात ऐकलेल्या थोर गवयांची जी वर्णनं आहेत, ती वाचताना आवाजाची जात, लयीचा स्वभाव, बैठकीतलं वातावरण सगळं समोर येतं. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावानं गायकांवर लिहिलं आणि ‘संगीताचे मानकरी’सारख्या पुस्तकांतून मराठी संगीतसमीक्षेला निर्भीड वळण दिलं. भोळे डॉक्टर व्हायला मुंबईत आले आणि गाण्याच्या नादात तिथेच रमले. त्यांच्या लेखनातलं निदान मात्र अचूक असे: गवयाचा स्वर कुठे ढळतो, तान कुठे नुसती कसरत होते, भाव कुठे उसना वाटतो. त्यांच्या पाठोपाठ जी. एन. जोशी. वकिलीचं शिक्षण घेतलेले, भावगीताचे आद्य गायक, आणि पुढे एचएमव्ही कंपनीत कितीएक मोठ्या कलावंतांची मुद्रणं करवून घेणारे. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाचलं, की आपण ज्या तबकड्यांवर जीव टाकतो त्या मुळात किती मनधरणी करून, किती रुसवे काढून, किती वेळा मुद्रण बारगळून तयार झाल्या ते कळतं. या तिघांची मिळून कर्त्यांची शाळा म्हणता येईल. त्यांनी आत काम करून बाहेर लिहिलं.

भोळे यांचं नाव आलं की ‘प्रभात’कडे वळणं भाग आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही चित्रपट कंपनी १९३३ साली पुण्याला आली आणि तिथे १९३६ साली विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. संगीत भोळ्यांचं. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत त्याची गणना झाली. मराठीत ज्या चित्रपटावर सर्वांत जास्त प्रेमानं लिहिलं गेलं असेल, तो हाच. पण त्या लेखनाचा मोठा भाग तुकोबांच्या भक्तीवर आणि विष्णुपंत पागनीसांच्या तल्लीन चेहऱ्यावर खर्च झाला आहे. खरं पाहिलं तर चित्रपट तोलून धरते ती गौरी या अभिनेत्रीनं साकारलेली तुकोबांची बायको जिजाई. घरात दाणा नाही, मूल आजारी, नवरा देवाच्या नादी. अशी ही बाई तडक देवळात शिरते आणि पांडुरंगाला वहाण दाखवते. त्या दृश्यात गौरीच्या चालण्यात कुठेही अभिनयाचा आव नाही. पदर खोचण्याची रीत, आवाजातली कडू चीड, पुढच्याच क्षणी मुलासाठी होणारी घालमेल: शेतावर राबणाऱ्या बाईचं शरीर कॅमेऱ्यासमोर जसंच्या तसं आलं आहे. शेवटी वैकुंठाचं बोलावणं येतं तेव्हाही ती स्वयंपाकाच्या आणि मुलाबाळांच्या काळजीतच आहे. भक्ती आणि संसार यांतलं कोण मोठं, हा वाद चित्रपट सोडवत नाही. तो दोघांनाही पूर्ण आदरानं उभं करतो. पिढ्यानपिढ्या हा चित्रपट पाहणाऱ्यांतल्या किती जणांना तुकोबांपेक्षा जिजाईत आपलं घर दिसलं असेल! अशी नजर लेखनात यायला मात्र बराच काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर रेडिओनं सगळा नकाशा बदलला. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्यांचा हेतू शास्त्रीय संगीताला बळ देण्याचा होता, आणि ते बळ मिळालंही. पण श्रोत्यांनी आपली गाणी दुसरीकडे शोधली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचला. १९५७ साली विविध भारती आली. दरम्यान पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीत रामायण’ सुरू झालं होतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आठवड्याला एक गीत, एकूण ५६ गीतं. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसत. ऐकणं ही तेव्हा बहुधा चारचौघांत होणारी गोष्ट होती, आणि म्हणून त्या काळच्या आठवणीत गाण्यासोबत माणसंही येतात.

याच वातावरणात आठवणींची शाळा जन्मली आणि ती फार लोकप्रिय झाली. इसाक मुजावरांनी चित्रपटांविषयीच्या माहितीचं आणि किश्शांचं अफाट भांडार मराठी वाचकांपुढे ओतलं. शिरीष कणेकरांच्या ‘गाये चला जा’ आणि ‘यादों की बारात’ या पुस्तकांनी हिंदी चित्रपटसंगीतावर प्रेम करण्याची एक भाषाच मराठी माणसाला दिली. लता, तलत, मदनमोहन यांच्याविषयी घरातल्या माणसासारखं बोलता येतं, हे कणेकरांनी दाखवलं. त्यांची धडधडीत आवड-नावड, गाण्यावरून भांडायची तयारी, वाक्यांची लय या सगळ्यावर पुढचे कित्येक लेखक पोसले. या शाळेला कमी लेखण्याची एक रीत आहे. ती अन्यायाची आहे. ज्या गाण्यांना त्या वेळचे संगीतज्ञ हातही लावत नव्हते, त्यांचा मान या लेखकांनी राखला. त्यांच्या अनुयायांत मात्र एक सवय बळावली. जुनं ते सगळं सोनं, आणि आपल्या विशीनंतर संगीत संपलं, असा सूर लागायला लागला. गाणं मागे पडून स्वतःचं तारुण्यच लेखाचा विषय झालं. हा संग्रह सिद्ध करताना संपादकांनी या सुराला जाणीवपूर्वक दूर ठेवलं आहे, आणि ते योग्यच केलं आहे.

आणखी एक शाळा अंधाऱ्या सभागृहांत घडली. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला आणि ‘बायसिकल थीव्हज’सारख्या चित्रपटांनी इथल्या प्रेक्षकाला हलवलं. १९६० साली प्रभातच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. सतीश बहादूर यांनी तिथे चित्रपट रसास्वादाचं शिक्षण रुजवलं. एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून बघायला शिकवलं. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. त्याच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकानं मराठीत चित्रपटावर गंभीरपणे लिहिणाऱ्यांना हक्काची पानं दिली. छोट्या गावांतही फिल्म सोसायट्या निघाल्या. प्रोजेक्टर बंद पडायचा, प्रिंट वेळेवर यायची नाही, तरी मंडळी दर महिन्याला जमत राहिली.

या शाळेचं सर्वांत पक्व फळ म्हणजे अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीनच चित्रपटांवर उभं असलेलं हे पुस्तक १९८५ साली आलं आणि त्याला सिनेमाविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी गुरुदत्तवर लिहिणारे त्याच्या दुःखावर, व्यसनावर, अकाली मृत्यूवर लिहीत. खोपकरांनी त्या चित्रपटांची घडण पाहिली: प्रकाश कुठून येतो, कॅमेरा माणसाच्या किती जवळ जातो, गाणं कथेतून कसं उगवतं, छाया चेहऱ्याचं काय करते. ‘कागज के फूल’मधल्या रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत कोण विसरेल? छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन आरशांनी परावर्तित करून आत घेतलं होतं. धुळीचे कण त्या झोतात तरंगतात आणि दोन माणसं एकमेकांपासून अंतरावर उभी असतात. सगळा विरह त्या अंतरात आणि त्या उजेडात आहे. असं पाहता आलं म्हणजे गुरुदत्तविषयीचं प्रेम कमी होत नाही, त्याला पाया मिळतो. प्रेमानं लिहिणं आणि बारकाईनं लिहिणं या दोन गोष्टी एकाच माणसाकडून होऊ शकतात, हे खोपकरांनी मराठीत कायमचं सिद्ध केलं. पुढे अशोक राणे यांचं ‘सिनेमाची चित्तरकथा’, विजय पाडळकरांचं ‘सिनेमाचे दिवस पुन्हा’, गणेश मतकरींची ‘फिल्ममेकर्स’ आणि ‘सिनेमॅटिक’ ही पुस्तकं आली. प्रत्येकाची वाट वेगळी, पण जागतिक चित्रपट मराठी वाचकाच्या रोजच्या बोलण्यात आणण्याचं श्रेय या सगळ्यांचं.

संगीतात याच तोलाचं काम वामनराव देशपांडे यांनी केलं. पेशानं चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या या रसिकाचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आलं आणि घराण्यांकडे स्वर आणि लय यांच्या तोलातून कसं पाहायचं ते सामान्य श्रोत्यालाही समजलं. त्याच सुमारास एलपी भारतात स्थिरावत होती. ३३⅓ फेऱ्यांच्या या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि गायक-वादकांना पहिल्यांदाच मुद्रणासाठी वेगळा आकार घडवता आला. १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा त्याचा देखणा नमुना. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. यामागे निर्माते म्हणून जी. एन. जोशीच होते. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये तर एका कलावंतानं दुसऱ्यावर करायची समीक्षा गाऊनच केली. बालगंधर्वांची पदं त्यांनी गायली, पण नक्कल एका सुराची नाही. आपल्याला काय कळलं तेवढंच गळ्यातून मांडलं. या प्रस्तावनेचा विषय असलेल्या लेखनानं त्या मुद्रिकेपासून शिकावं असं पुष्कळ आहे.

आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्यांच्या एलपीवर एका बाजूला भूप आहे, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूप हा गाणं शिकणाऱ्याला अगदी आधी भेटणारा राग. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. हेच पाच स्वर देशकारातही आहेत. पण तिथे धैवताचं राज्य, आणि भूपात गंधाराचं. किशोरीताई त्या गंधारावर येतात तेव्हा घाई करत नाहीत. रिषभावरून तो नुसता दिसू देतात, परत षड्जावर येतात, मग पंचमाकडून उतरताना त्याला स्पर्श करतात, आणि असं दोन-तीनदा झाल्यावर जेव्हा तो पूर्ण लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की हा स्वर आपण आज प्रथमच ऐकतो आहोत. आई मोगूबाई कुर्डीकरांकडून आलेली जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार शिस्त आणि त्या शिस्तीला वाकवणारी स्वतःची भावविवशता यांची ओढाताण त्या वीसेक मिनिटांत सतत जाणवते. शास्त्र न कळणारेसुद्धा ती एलपी पाठ असल्यासारखी ऐकतात. या एका मुद्रिकेवर मराठीत कितीही लिहिलं गेलं तरी ते कमीच ठरेल.

कॅसेटचा काळ आठवणीत लांब वाटतो, पण लेखनाच्या दृष्टीनं तो तुलनेनं कोरडा गेला. गाणी स्वस्त झाली, खिशात मावू लागली, आणि एसटीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत पोचली. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातली, १९७४ साली शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त निघालेली ‘शिवकल्याणराजा’सारखी मुद्रिका कॅसेटमुळेच खेड्यापाड्यांत घरची झाली. पुढे ‘गारवा’ आणि ‘आयुष्यावर बोलू काही’ या अल्बमांनी तरुणांना मराठी गाण्याकडे परत आणलं. त्या काळावर प्रेमानं आणि बारकाईनं लिहिण्याचं काम बरंचसं बाकी आहे.

२००४ साली ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं आणि मराठी चित्रपटाला नवा आत्मविश्वास आला. त्यानंतर जे लेखन झालं त्यात एक नवी शाळा आकार घेताना दिसते. तिचे लेखक आधी विचारतात की हा चित्रपट मी कुठे बसून पाहतो आहे? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला प्रसंग घ्या. शाळकरी नायक जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडायला धावतं आहे, डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. थिएटरात काही जण या दृश्याला हसतात, काहींच्या घशाशी आवंढा येतो. थोड्या वेळानं तेच डुक्कर काठीला बांधून कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं आणि भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर आणि इतर समाजसुधारकांची चित्रं असतात. ज्यानं असा पाठलाग अंगावर घेतला आहे त्याचा ‘फँड्री’ आणि ज्यानं तो फक्त पडद्यावर पाहिला त्याचा ‘फँड्री’ एक नसतो. दोघांनी आपापला लिहावा. व्यक्तिगत लेखनाची खरी ताकद इथे दिसते, कारण तटस्थ समीक्षेला हा फरक टिपता येत नाही. ‘सैराट’च्या संगीताचंही तसंच. लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेली सिंफनी आणि गावची हलगी अजय-अतुल यांनी एकाच अल्बममध्ये आणली, आणि २०१६ साली लोक थिएटरात उठून नाचले. ते नाचणं काय होतं, यावर पुढची अनेक वर्षं विचार व्हायला हवा.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांना एकाच पुस्तकात का बसवलं, असं वाचक विचारतील. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये याचं उत्तर आहे. २०२० साली व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा मान मिळवणाऱ्या या मराठी चित्रपटाचा नायक शरद नेरुळकर ख्याल शिकतो आहे. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवताना त्याच्या कानात माई नावाच्या गायिकेच्या जुन्या व्याख्यानांचं खासगी मुद्रण चालू असतं. आवाज सुमित्रा भावे यांचा. माईंनी आपलं गाणं कधी मुद्रित होऊ दिलं नाही, म्हणून ती व्याख्यानंच त्याचा धर्मग्रंथ. पुढे रेकॉर्ड जमवणारा एक जाणकार त्याच्या या श्रद्धेलाच हात घालतो आणि शरद हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. ध्वनिमुद्रणावर श्रद्धा ठेवणं माणसाला किती उंच नेतं आणि किती एकाकी करतं, हे या चित्रपटाइतकं स्पष्ट कुठल्याच ग्रंथात आलेलं नाही. पाहणारा आणि ऐकणारा माणूस एकच असतो. मराठी लेखनानं मात्र त्याची दोन दालनांत वाटणी करून ठेवली: सिनेमावाले इकडे, गाणंवाले तिकडे. ही भिंत पाडण्याचा प्रयत्न इथे आहे.

आज या लेखनाची निकड वाढली आहे, आणि तिची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. एकपडदा चित्रपटगृहं एकामागून एक बंद होत आहेत. एलपीच्या पाकिटावर मागच्या बाजूला रागाची माहिती, तबला-हार्मोनियमच्या साथीदारांची नावं, कवीचं नाव छापलेलं असे. मोबाइलवर गाणं लावलं की बहुतेक वेळा गायकाचं नाव आणि एक चौकोनी चित्र एवढंच दिसतं. अल्बमचा क्रम मोडून गाणी सुटी वाजतात. हक्कांचा करार संपला की ऑनलाइन मंचावरून चित्रपट न सांगता गायब होतो. पुढे काय पाहायचं, काय ऐकायचं हे आता यंत्र सुचवतं आणि ते आपल्या कालच्या आवडीसारखंच काहीतरी पुढे करतं. चांगला व्यक्तिगत लेख नेमकं उलट करतो. ज्याच्या वाटेला आपण कधी गेलो नसतो, त्या कलाकृतीपाशी तो दुसऱ्याच्या हातानं नेतो. नाशही आपल्याला नवा नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ची एकही प्रिंट उरलेली नाही. २००३ साली पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट जळाले. जे चित्रपट गेले त्यांचं काहीएक आज आपल्याला ठाऊक आहे, ते कोणीतरी ते पाहून लिहून ठेवलं म्हणून.

या संग्रहाची आखणी साधी आहे. लेखकांना संपादकांनी दोनच अटी घातल्या. एक, लिहिण्याआधी निवडलेला चित्रपट पुन्हा पूर्ण पाहायचा, मुद्रिका पुन्हा पूर्ण ऐकायची. आठवणीवर विसंबून लिहायचं नाही. दोन, कथानक सांगण्यात किंवा पुरस्कार मोजण्यात जागा घालवायची नाही. निवडीवर कसलंही बंधन नव्हतं. त्यामुळे इथे प्रभातचे चित्रपट आहेत तसे जपानी आहेत, गोव्याच्या मातीतली गाणी आहेत तशी जॅझची तबकडीही आहे. लिहिणारे मुंबई-पुण्याचे आहेत, कोल्हापूर, नागपूर, मडगावचे आहेत, बडोदा-इंदूरचे आणि परदेशात स्थायिक झालेलेही आहेत. वाचताना एक गोष्ट जाणवेल. पुन्हा पाहिल्या-ऐकल्यावर काहींचं प्रेम वाढलं आहे, काहींचं ओसरलं आहे, आणि ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे. ज्यांचं ओसरलं त्यांचे लेख या पुस्तकातले सर्वांत वाचनीय लेख आहेत. नाराजी किंवा मोहभंग यांना आवडीच्या पुस्तकात जागा देणं मराठीत अजून धाडसाचंच आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लोकसंगीताच्या मुद्रिकांवर, शाहिरी आणि भीमगीतांवर इथे जेवढं हवं तेवढं आलेलं नाही. ग्रामीण महाराष्ट्रात कॅसेटवर जे पिढ्यांनी ऐकलं त्याचा मोठा भाग अजून लेखनाबाहेर आहे. पुढच्या संग्रहानं तिथून सुरुवात करावी.

वाचकांना एक विनंती. हे लेख वाचताना शक्य असेल तेव्हा तो चित्रपट, ती मुद्रिका सोबत ठेवा आणि लेखकाशी असहमत व्हा. दुसरी विनंती अधिक निकडीची आहे. चित्रपटगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, एलपीची पाकिटं, कॅसेटमधले घडी घातलेले कागद, फिल्म सोसायट्यांची पत्रकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पडलेली आहेत. घर आवरताना ती रद्दीत जाऊ देऊ नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रपटांबरोबर अशी छापील सामग्रीही जतन करतं, आणि मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्यांसाठी काम करते. स्वतःजवळ ठेवणं जमत नसेल, तर त्यांच्यापर्यंत पोचवा.